येशू स्वतःला कोण म्हणवतो? अभ्यासगटात हा प्रश्न कसा घ्यावा

‘येशू कोण?’ असा प्रश्न बायबल अभ्यासाच्या गटात विचारला, तर पहिल्या पाच मिनिटांतच उत्तरे संपतात. कोणी ‘देवाचा पुत्र’ म्हणतो, कोणी ‘तारणारा’, आणि गटात ख्रिस्ती नसलेला एखादा स्नेही असेल तर तो नम्रपणे ‘थोर गुरू’ म्हणतो. ही उत्तरे चुकीची आहेत असे माझे म्हणणे नाही. मात्र ती आपल्याला इतरांकडून मिळालेली आहेत : येशूचा शिष्य पेत्र याच्याकडून, मंडळ्यांना पत्रे लिहिणाऱ्या पौलाकडून, इ.स. ३२५ मध्ये निकेया येथे जमलेल्या धर्मपरिषदेकडून, आणि बहुतेकांच्या बाबतीत आईकडून किंवा आजीकडून. येशूने स्वतःच्या तोंडाने स्वतःविषयी काय सांगितले हा प्रश्न त्याहून वेगळा आहे. तो नीट विचारला, तर वर्षानुवर्षे मंडळीत जाणारे लोकही शुभवर्तमानाची (येशूच्या चरित्रग्रंथांची) पाने नव्याने उलटू लागतात, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

पुढील मांडणी सहा ते दहा जणांच्या गटासाठी आणि चार बैठकींसाठी केली आहे. प्रत्येक बैठकीला सव्वा तास पुरतो. गट घरात जमत असो, वसतिगृहात किंवा चर्चच्या मागच्या खोलीत, पद्धत तीच राहते.

तयारी

पहिली तयारी म्हणजे उतारे कागदावर काढून घेणे. सर्वांनी आपापले बायबल आणले तरी छापील कागद द्यावा, आणि त्यावर उपशीर्षके नसावीत. ‘येशूचा अधिकार’, ‘पेत्राने दिलेली कबुली’ अशी जी शीर्षके आपल्या प्रतींत दिसतात ती प्रकाशकांनी घातलेली असतात. ती वाचकाला उतारा वाचण्याआधीच निष्कर्ष सांगून टाकतात. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली आणि नव्या करारातील वचनांचे आजचे क्रमांक १५५१ सालचे आहेत. मूळ लेखकांनी सलग लिहिले होते, म्हणून गटानेही शक्य तेथे सलग वाचावे.

दुसरी तयारी भाषेची आहे. येशू अरामी बोलत असे आणि शुभवर्तमाने ग्रीक भाषेत लिहिली गेली. म्हणजे आपण मराठीत जे वाचतो ते भाषांतराचे भाषांतर आहे. ही गोष्ट पहिल्याच बैठकीत शांतपणे सांगून टाकावी. त्यासोबत मराठीपुरती एक खास बाब दाखवावी, कारण ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. प्रचलित मराठी भाषांतरात पेत्र येशूला ‘आपण ख्रिस्त आहात’ असे म्हणतो, तर रोमी सुभेदार पिलात ‘तू यहूद्यांचा राजा आहेस काय?’ असे विचारतो. ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी एकच सर्वनाम आहे, आणि ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ असा आदराचा चढता क्रम त्या भाषेत नाही. कोण येशूचा मान राखून बोलतो आणि कोण नाही हे मराठी भाषांतरकाराने ठरवले आहे. त्याने ते समंजसपणे ठरवले आहे यात शंका नाही. तरीही आपला प्रश्न ‘कोण कोणाला काय समजतो’ हाच असल्यामुळे, मान कोठे मूळ मजकुरातून आला आणि कोठे आपल्या भाषेच्या रीतीतून आला, हे गटाला ठाऊक असले पाहिजे.

तिसरी तयारी म्हणजे एक नियम. चारही बैठकींत प्रत्येक उताऱ्याला आधी एकच प्रश्न विचारायचा : ‘हे वाक्य कोण बोलत आहे?’ येशू बोलत असेल तर ते एका रंगाने, त्याच्याविषयी दुसरा कोणी बोलत असेल तर ते दुसऱ्या रंगाने अधोरेखित करायचे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस शिष्य थोमा ‘माझा प्रभू व माझा देव’ असे म्हणतो तेव्हा ते थोमाचे उद्गार असतात. येशू ते नाकारत नाही ही बाब महत्त्वाची आहे आणि तिची नोंद करावी, परंतु रंग दुसराच वापरावा. नियम बालिश वाटला तरी तो फार उपयोगी पडतो, कारण त्यामुळे वाद मतांवरून मजकुरावर येतो.

पहिली बैठक : ‘मनुष्याचा पुत्र’

सुरुवात ‘मी मार्ग, सत्य व जीवन आहे’ या वचनापासून करण्याचा मोह होतो. मी स्वतः एका गटात तशी सुरुवात केली होती. त्या संध्याकाळी इतर धर्मांतील लोकांचे काय होणार यावर दोन तास चर्चा झाली आणि येशूविषयी कोणी बोललेच नाही. तेव्हापासून मी ‘मनुष्याचा पुत्र’ या शब्दप्रयोगापासून आरंभ करतो, आणि इतरांनाही तसेच करण्याचा आग्रह धरतो. चार शुभवर्तमानांत मिळून हा प्रयोग ऐंशीहून अधिक वेळा येतो, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी तो येशूच्याच तोंडी असतो. शिष्य त्याला या नावाने हाक मारत नाहीत. पौलाच्या पत्रांत तर हा शब्दप्रयोग आढळतही नाही. स्वतःविषयी बोलताना येशूने सर्वांत जास्त वापरलेली ओळख नंतरच्या मंडळीने फारशी वापरली नाही, यावर गटाला थोडा वेळ थांबू द्यावे.

मग विचारावे : हा शब्दप्रयोग ऐकून तुमच्या मनात काय येते? बहुतेक जण सांगतात की ‘देवाचा पुत्र’ म्हणजे त्याचे देवत्व आणि ‘मनुष्याचा पुत्र’ म्हणजे त्याचे मानवत्व. ही जोडी फार सोयीची आहे, पण पहिल्या शतकातील यहुदी श्रोत्याच्या कानाला ती अशी लागली नसती. हे दाखवण्यासाठी जुन्या करारातील चार छोटे उतारे हाताशी ठेवावेत. निर्गम ४:२२ मध्ये देव इस्राएल लोकांना ‘माझा पुत्र, माझा ज्येष्ठ पुत्र’ म्हणतो. स्तोत्र २:७ मध्ये तेच नाते राजाशी जोडलेले आहे. म्हणजे ‘देवाचा पुत्र’ हे शब्द मनुष्यांसाठीही वापरले जात. उलट दानीएलाच्या सातव्या अध्यायात ‘मानवपुत्रासारखा कोणी’ आकाशातील मेघांसह येतो, पुराणपुरुषासमोर (म्हणजे देवासमोर) उभा केला जातो आणि त्याला कधीही न सरणारे राज्य मिळते. तिसरीकडे यहेज्केलाच्या ग्रंथात देव संदेष्ट्याला वारंवार ‘मानवपुत्रा’ अशी हाक मारतो आणि तेथे अर्थ फक्त ‘अरे मर्त्य माणसा’ एवढाच असतो. अरामी बोलीत तर हे शब्द साधेपणाने ‘माणूस’ या अर्थाने वापरले जात.

हे चारही उतारे समोर आले की खरी चर्चा सुरू होते. ज्याच्यात एक साधा माणूसही मावतो आणि मेघारूढ राजाही मावतो, असा शब्द येशूने का निवडला असेल? स्वतःचा उल्लेख तृतीय पुरुषात करण्याची रीत मराठी कानाला परकी नाही, कारण अभंगाच्या शेवटच्या चरणात संतकवी तेच करतात. फरक असा की संत तेथे स्वतःचे नाव घालतात. येशू नावाऐवजी एक असा शब्द घालतो की त्याचा अर्थ ऐकणाऱ्याने शोधावा. ही तुलना मी गटात करतो, कारण त्यामुळे ख्रिस्ती नसलेल्या सहभागींनाही बोलण्यास जागा मिळते.

यानंतर मार्काचा दुसरा अध्याय, पहिली बारा वचने, मोठ्याने वाचावीत. कफर्णहूममध्ये छप्पर उसकटून चार जण एका पक्षाघाती माणसाला खाली सोडतात आणि येशू त्याला आधी बरे करत नाही, तर ‘मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे’ असे म्हणतो. शास्त्री मनात म्हणतात, देवावाचून कोण पापांची क्षमा करू शकतो? मार्काच्या शुभवर्तमानात ‘मनुष्याचा पुत्र’ हे शब्द येशू येथे प्रथम उच्चारतो : पृथ्वीवर पापांची क्षमा करण्याचा अधिकार मनुष्याच्या पुत्राला आहे, हे तुम्हांला समजावे म्हणून. येथे गटाला दोन प्रश्न विचारावेत. शास्त्र्यांचा आक्षेप त्यांच्या दृष्टीने योग्य होता का? आणि येशूने ‘तुम्ही गैरसमज करून घेत आहात’ असे म्हणून तो आक्षेप दूर का केला नाही? दुसऱ्या प्रश्नानंतर शांतता पसरली, तर ती मोडू नये. मिनिटभर थांबणारा संचालक गटाला जे देतो ते पाच मिनिटे समजावून सांगणारा देऊ शकत नाही.

शेवटी मार्क १०:४५ वाचून बैठक संपवावी. मनुष्याचा पुत्र सेवा करून घेण्यासाठी नाही, तर सेवा करण्यासाठी व पुष्कळांच्या मुक्तीसाठी खंडणी म्हणून आपला जीव देण्यासाठी आला आहे. दानीएलाच्या दृष्टान्तात सर्व राष्ट्रे ज्याची सेवा करतात, तो येथे सेवा करायला आला आहे. हे गटातील कोणाच्या तरी लक्षात येईलच, आणि ते संचालकाने सांगण्यापूर्वी गटाला सापडले तर फार चांगले.

दुसरी बैठक : ‘ख्रिस्त’ हा शब्द तो टाळतो का?

या बैठकीत तीन प्रसंग घ्यावेत : नासरेथचे सभास्थान, तुरुंगातून आलेला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा प्रश्न आणि फिलिप्पाच्या कैसरियाजवळची वाट. ‘मशीहा’ आणि ‘ख्रिस्त’ हे एकाच अर्थाचे इब्री व ग्रीक शब्द असून त्यांचा अर्थ ‘अभिषिक्त’ असा आहे, एवढे सुरुवातीला सांगावे. गटात निदान एक जण तरी ‘ख्रिस्त’ हे आडनाव समजत असतो.

लूक ४:१६ पासून वाचताना यशयाचा एकसष्टावा अध्याय शेजारी ठेवावा. येशू ग्रंथपट उघडतो, ‘प्रभूच्या प्रसादाचे वर्ष’ येथपर्यंत वाचतो आणि गुंडाळी बंद करतो. यशयाच्या मजकुरात वाक्य तेथे संपत नाही. पुढे ‘आमच्या देवाचा सूड घेण्याचा दिवस’ हे शब्द आहेत. तो मधेच का थांबला, हा या प्रसंगातील सर्वांत फलदायी प्रश्न आहे. नंतर तो म्हणतो की हा शास्त्रलेख आज तुमच्या ऐकण्यात पूर्ण झाला आहे. ‘तो अभिषिक्त मी आहे’ असे तो म्हणत नाही, परंतु ‘आज’ या एका शब्दात ते सामावलेले आहे.

दुसरा प्रसंग मत्तय ११:२–६ मधला. बाप्तिस्मा करणारा योहान कैदेत आहे आणि तो शिष्यांकरवी सरळ विचारतो : जे येणार ते आपणच आहात, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? येशू ‘होय’ म्हणत नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, कुष्ठरोगी शुद्ध होतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठतात आणि दीनांना सुवार्ता सांगितली जाते, हे जाऊन योहानाला सांगा, असे तो म्हणतो. ही यादी बहुतांशी यशयाच्या शब्दांची आहे. नासरेथमध्ये येशूने जे वाचले होते त्यातले एक वाक्य या यादीत नाही : ‘बंदिवानांस सुटका’. ज्याला हा निरोप जाणार आहे तो बंदिवान आहे. त्यानंतरचे वाक्य आहे, ‘जो माझ्याविषयी अडखळत नाही तो धन्य’. एकदा गटातील एका वयस्क बाईंनी हे स्वतःहून शोधले आणि त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांच्या घरातील एक प्रार्थना अनेक वर्षे अनुत्तरित होती, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. अशा वेळी संचालकाने लगेच सांत्वनाचे वचन पुढे करू नये. येशूने स्वतःची ओळख कृतींतून सांगितली आणि त्या कृतींत योहानाला हवी असलेली कृती नव्हती, हे सत्य गटाला जसेच्या तसे ऐकू द्यावे.

तिसरा प्रसंग मार्क ८:२७–३३. वाचण्याआधी स्थळ समजावून सांगावे. फिलिप्पाचे कैसरिया हर्मोन पर्वताच्या पायथ्याशी, यार्देनेच्या एका उगमापाशी होते. तेथे पान या ग्रीक देवतेचे पुरातन स्थान होते, महान हेरोदाने त्या परिसरात कैसर औगुस्ताचे मंदिर बांधले होते आणि गावाचे नावच कैसरावरून पडले होते. जेथे सम्राटाला देवाचा मान दिला जात होता, त्या गावांच्या वाटेवर ‘मी कोण आहे म्हणून लोक म्हणतात?’ हा प्रश्न विचारला गेला. पेत्र उत्तर देतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू त्याला ‘धन्य’ म्हणतो. मार्काच्या वृत्तान्तात तो कोणालाही सांगू नका अशी ताकीद देतो आणि लगेच मनुष्याच्या पुत्राने दुःख सोसावे, नाकारले जावे व मारले जावे याविषयी बोलू लागतो. पेत्राला उपाधी बरोबर कळली होती, अर्थ मात्र कळला नव्हता. तो येशूला दटावतो आणि काही क्षणांपूर्वी ज्याने खरे उत्तर दिले त्यालाच ‘सैताना, माझ्यापुढून निघून जा’ हे शब्द ऐकावे लागतात.

हा शब्द येशू का टाळतो याचे एक कारण राजकीय आहे आणि ते सांगितले पाहिजे. इ.स. ६ मध्ये जनगणनेच्या वेळी गालीलकर यहूदा याने रोमविरुद्ध उठाव केला होता. पिलाताच्या कारकिर्दीत ‘अभिषिक्त राजा’ म्हणवून घेणे म्हणजे रोमी सत्तेला आव्हान देणे होते. योहान ६:१५ मध्ये लोक त्याला बळेच राजा करायला निघतात आणि तो डोंगरावर निघून जातो. याच्या जोडीला योहानाचा चौथा अध्याय ठेवावा. याकोबाच्या विहिरीपाशी शोमरोनी स्त्री मशीहाविषयी बोलते आणि येशू तिला उघडपणे सांगतो, ‘तुझ्याबरोबर बोलणारा जो मी तोच तो आहे’. शोमरोनी लोक मोशेची पाच पुस्तके तेवढीच शास्त्र म्हणून मानत. दाविदाच्या सिंहासनाची आशा त्यांच्या श्रद्धेचा भाग नव्हती. जेथे हा शब्द तलवारीशी जोडला जाण्याची भीती कमी होती तेथे त्याने तो मोकळेपणाने स्वीकारला, असे मला वाटते. गटाने हे मान्य करावेच असे नाही.

तिसरी बैठक : ‘मी आहे’

योहानाच्या शुभवर्तमानातील ‘मी आहे’ ही सात वचने एकाच बैठकीत घेऊ नयेत. भाकर, प्रकाश, दार, मेंढपाळ, पुनरुत्थान, मार्ग आणि द्राक्षवेल या प्रत्येकावर एक एक वाक्य बोलून वेळ संपतो आणि हाती काही लागत नाही. मी एकच घेतो, उत्तम मेंढपाळाचे, आणि त्यासोबत यहेज्केलाचा चौतिसावा अध्याय पूर्ण वाचतो.

त्या अध्यायात देव इस्राएलाच्या मेंढपाळांवर, म्हणजे राज्यकर्त्यांवर, रागावला आहे. ते कळपाऐवजी स्वतःलाच चारतात. म्हणून देव म्हणतो, मी स्वतः माझी मेंढरे चारीन, हरवलेल्याला शोधीन, जखमीला पट्टी बांधीन. परंतु त्याच अध्यायात, तेविसाव्या वचनात, देव असेही म्हणतो की मी त्यांच्यावर एक मेंढपाळ नेमीन, माझा सेवक दावीद. मेंढपाळ देव स्वतः आहे आणि त्याने नेमलेला राजाही आहे. मग योहान १०:११ मध्ये येशू ‘मी उत्तम मेंढपाळ आहे’ असे म्हणतो, तेव्हा तो यांपैकी कोणाची जागा घेत आहे? हा प्रश्न फळ्यावर लिहून ठेवावा आणि गटाला दोन भागांत विभागून प्रत्येकाला एका उत्तराची बाजू मजकुराच्या आधारे मांडायला सांगावे. ‘मेंढरांसाठी आपला प्राण देतो’ हे शब्द मात्र यहेज्केलाच्या अध्यायात कोठेच नाहीत. ते दोन्ही बाजूंना अडचणीत टाकतात, आणि टाकले पाहिजेत. पावसाळ्यानंतर घाटाखाली उतरणारे धनगरांचे कळप ज्यांनी जवळून पाहिले आहेत त्यांना या वेळी अवश्य बोलू द्यावे. रात्री कळपाची राखण करणे म्हणजे काय हे शहरातील सहभागींना त्यांच्याकडून कळते.

बैठकीचा दुसरा भाग अधिक नाजूक आहे. योहान ८:५८ मध्ये येशू म्हणतो, ‘अब्राहाम झाला त्यापूर्वी मी आहे’. मराठी वाचकाला या वाक्याचे व्याकरण खटकते. ‘होतो’ अपेक्षित असताना ‘आहे’ का? ग्रीकमध्येही ते तसेच खटकणारे आहे. अब्राहामासाठी ‘झाला’, स्वतःसाठी ‘आहे’. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात यशया ४३:१० येथे देव स्वतःविषयी हेच दोन शब्द वापरतो, आणि निर्गम ३:१४ मध्ये मोशेला मिळालेल्या उत्तराचा आरंभही याच शब्दांनी होतो. ऐकणाऱ्यांनी दगड उचलले, यावरून त्यांनी काय ऐकले ते समजते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पुढच्याच अध्यायात (९:९) बरा झालेला आंधळा ‘तो मीच आहे’ असे म्हणतो आणि ग्रीक शब्द अगदी तेच आहेत. म्हणून केवळ शब्द सापडले की देवत्वाचा दावा सिद्ध झाला, अशी घाई करू नये. अर्थ संदर्भाने ठरतो, आणि ८:५८ चा संदर्भ मला फार बळकट वाटतो.

वेळ उरल्यास योहान १०:२२–३९ घ्यावे. ‘मी आणि पिता एक आहोत’ या वाक्यातील ‘एक’ हा शब्द ग्रीकमध्ये नपुंसकलिंगी आहे. दोघे मिळून एकच व्यक्ती, असा त्याचा अर्थ होत नाही. मराठीत ‘एक’ हे विशेषण लिंगाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे ही छटा भाषांतरात उतरत नाही. वेदान्ताच्या परिचयातून आलेला सहभागी येथे ‘अहं ब्रह्मास्मि’ ऐकतो आणि तसे म्हणतो. त्याला अडवू नये. त्याला एवढेच विचारावे की येशू ‘मी’ आणि ‘पिता’ हे दोन शब्द वेगळे का ठेवतो, आणि त्याच शुभवर्तमानात पुढे ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ (१४:२८) असे का म्हणतो. हा प्रश्न त्याच्याइतकाच जुन्या मंडळीकरांनाही विचार करायला लावतो.

हा प्रसंग घडतो तो सणही लक्षात आणून द्यावा. सीरियाचा राजा चौथा अंतियोख याने स्वतःला ‘प्रकट झालेला देव’ म्हणवून घेतले आणि यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट केले. इ.स.पू. १६४ मध्ये मंदिर शुद्ध करून पुन्हा समर्पित केले गेले, त्याची आठवण म्हणून हा हिवाळ्यातील सण पाळत. त्या सणात, मंदिराच्या आवारात, एक माणूस आपण व पिता एक आहोत असे म्हणतो. लोकांचा संताप येथे समजून घेता आला पाहिजे. त्यांना खलनायक ठरवून पुढे जाणारा गट येशूच्या शब्दांचे वजनही गमावतो.

अवघड प्रश्न आले तर

‘मी देव आहे, माझी उपासना करा, असे येशू कोठे म्हणाला?’ हा प्रश्न कधी ना कधी येतोच, मुस्लिम मित्र असेल तर पहिल्याच बैठकीत येतो. प्रामाणिक उत्तर असे की या शब्दांत असे वाक्य चार शुभवर्तमानांत नाही. हे कबूल करताना संचालकाने चाचरू नये. त्यानंतर जे आहे ते दाखवावे. संदेष्टे ‘परमेश्वर असे म्हणतो’ या शब्दांनी बोलू लागत. येशू तसे कधीच म्हणत नाही. तो ‘मी तुम्हांला खचीत सांगतो’ असे म्हणतो, आणि डोंगरावरील प्रवचनात शास्त्रातील आज्ञा उद्धृत करून ‘मी तर तुम्हांला सांगतो’ अशी जोड देतो. पापांची क्षमा, शब्बाथावरील (विश्रांतीच्या पवित्र दिवसावरील) अधिकार आणि राष्ट्रांचा न्याय या गोष्टी तो स्वतःकडे घेतो.

उलट दिशेने जाणारी वचनेही तितक्याच मोकळेपणाने वाचावीत. मार्क १०:१८ मध्ये तो म्हणतो, ‘मला उत्तम का म्हणतोस? एक जो देव त्याच्यावाचून कोणी उत्तम नाही’. मार्क १३:३२ मध्ये त्या दिवसाविषयी पुत्रालाही ठाऊक नाही असे तो सांगतो. ही वचने मंडळीने गाळली नाहीत, जपली. ती लपवणारा संचालक गटाचा विश्वास गमावतो, कारण ती आज ना उद्या कोणाच्या तरी मोबाइलवर सापडतातच.

एखादा अभ्यासू सहभागी योहानाच्या शुभवर्तमानातील संवाद येशूचे शब्दशः उद्गार आहेत का, असे विचारतो. मार्काचे शुभवर्तमान साधारण इ.स. ७० च्या सुमाराचे आणि योहानाचे पहिल्या शतकाच्या अखेरचे मानले जाते, आणि दोन्हींतील येशूची बोलण्याची ढब वेगळी आहे. याच कारणासाठी मी मार्कापासून आरंभ करतो आणि योहानाकडे तिसऱ्या बैठकीत येतो.

चौथी बैठक : खटला

या बैठकीत चर्चा कमी आणि वाचन जास्त असावे. मार्क १४:५३–६५ पात्रे वाटून मोठ्याने वाचावे : निवेदक, साक्षीदार, प्रमुख याजक आणि येशू. येशूचा भाग ज्याच्याकडे असेल त्याने बहुतेक वेळ गप्प राहायचे आहे, आणि ती शांतता वाचनात खरोखर पाळायची आहे. प्रमुख याजक विचारतो, ‘धन्यवादिताचा (म्हणजे देवाचा) पुत्र ख्रिस्त तो तू आहेस काय?’ येशू उत्तरतो, ‘मी आहे, आणि तुम्ही मनुष्याच्या पुत्राला सर्वसमर्थाच्या उजवीकडे बसलेले व आकाशातील मेघांसह येताना पाहाल’.

पहिल्या तिन्ही बैठकी या एका वाक्यात एकत्र येतात. ‘ख्रिस्त’, ‘पुत्र’, ‘मी आहे’, ‘मनुष्याचा पुत्र’ हे सर्व शब्द येथे आहेत, आणि त्यांत स्तोत्र ११०:१ व दानीएल ७:१३ जोडले गेले आहेत. गर्दी जमलेली असताना, रोगी बरे होत असताना, लोक राजा करायला निघाले असताना जे तो सांगत नव्हता, ते हात बांधलेले असताना आणि उत्तराची शिक्षा मरण असताना सांगतो. याजक वस्त्रे फाडतो. यानंतर मत्तय २६:६४ आणि लूक २२:६७–७० शेजारी ठेवून वाचावे. तेथे उत्तराचे शब्द वेगळे आहेत : ‘तुम्ही म्हटले तसेच’, ‘मी आहे असे तुम्ही म्हणता’. हा फरक मिटवण्याचा प्रयत्न करू नये. प्रश्न विचारणाऱ्याच्या तोंडात उत्तर परत ठेवण्याची ही लकब गटाने आतापर्यंत अनेकदा पाहिलेली असते.

शेवटच्या पंधरा मिनिटांत प्रत्येकाला कोरा कागद द्यावा आणि कैसरियाच्या वाटेवरचा दुसरा प्रश्न वाचून दाखवावा : ‘पण तुम्ही मला कोण म्हणता?’ उत्तर लिहायचे, परंतु वाचून दाखवायचे नाही आणि संचालकाकडे द्यायचेही नाही. ज्यांना लिहायचे नसेल त्यांनी कागद कोरा घरी न्यावा. ज्यांना प्रार्थनेसाठी थांबायचे आहे त्यांनी थांबावे, इतरांना निरोप देण्यासाठी दारापर्यंत जावे, आणि लिहीत बसलेल्यांचे होईपर्यंत खोलीतला दिवा चालू ठेवावा.